मुक्या गाडीची घंटी

परतूर ते आष्टी हा रस्ता मला डोळे झाकून चालवता येतो, अशी बढाई मी वीसेक वर्षं मारली. ती अगदीच खोटी नव्हती. कुठल्या वळणाला खड्डा आहे, कुठल्या शाळेसमोर पोरं एकदम रस्त्यात येतात, कुठल्या फाट्यावरची म्हातारी हात दाखवत नाही, नुसती रागाने बघते, पण तिला यायचंच असतं, सगळं पाठ होतं. डोळे झाकून चालवता येतो म्हणणारा माणूस बहुतेक वेळा तसाच चालवत असतो, हे मात्र मला गाडी बदलल्यावर कळलं.

आधी माझी काळी-पिवळी जीप होती. ज्यांनी या गाडीत कधी पाय ठेवला नाही त्यांच्यासाठी सांगतो. सीट भरल्याशिवाय गाडी हलवायची नाही, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम. गाडी भरली असं कधीही म्हणायचं नाही, हा दुसरा. ड्रायव्हरच्या उजव्या हाताला, जिथे दार असतं आणि जागा नसते, तिथेही एक जण बसतो आणि ड्रायव्हर अर्ध्या मांडीवर गाडी हाणतो. टपावर शेळ्या, कोंबड्यांच्या पाट्या. एकदा तर लग्नाचं कपाट नेलं होतं, आणि ते हलू नये म्हणून त्याला मिठी मारून बसलेला नवरीचा मामा.

या जीपचा आवाज माझ्या आधी गावात पोचायचा. घरात बसलेला माणूस तो आवाज ऐकून हात धुवायचा, चपला घालायचा, बायकोशी राहिलेलं भांडण पुरं करायचा आणि बरोबर मी फाट्यावर आलो की तोही यायचा. मला या आवाजाचा अभिमान होता. माझी गाडी ओळखायला बघायची गरज नाही, असं मी सांगायचो.

पुढे जीप थकली, मीही थोडा थकलो, आणि मागच्या पावसाळ्यात मी बॅटरीवर चालणारी तीनचाकी घेतली. ही गाडी चालू आहे की बंद, हे सुरुवातीला मलाच कळायचं नाही. पहिल्याच आठवड्यात निम्मी गिऱ्हाइकं चुकली. लोक घरात आवाजाची वाट बघत बसले आणि मी फाट्यावरून निघून गेलो. मग फोनवर शिव्या. आमच्या एका अंगणवाडीच्या सेविका आहेत, शोभाताई, रोजच्या. त्या म्हणाल्या, "गौतमदादा, ही गाडी हाय का मांजर? कवा येती, कवा जाती, काई पत्ताच न्हाई."

पण त्याच शोभाताईंना नंतर या गाडीची गोडी लागली. रस्त्याच्या मधून एक म्हातारबाबा चालले होते, एकटेच, घरी राहिलेल्या सुनेला मोठमोठ्याने बोलत. आम्ही त्यांच्या मागे आलो तरी त्यांना खबर नाही. मी हॉर्नकडे हात नेला तर ताईंनी माझा खांदा धरला. "थांबा की, नका वाजवू. पुढं ती काय म्हनली ते ऐकू द्या."

आणि असंच ऐकत, बघत जाताना माझ्या लक्षात यायला लागलं की या रस्त्यावर आमच्याशिवाय बरीच मंडळी राहतात. वीस वर्षं त्यांना माझी जीप दोन शिवारं आधी ऐकू येत होती आणि ती बाजूला होत होती. मी यायचो तेव्हा रस्ता रिकामा. मला वाटायचं रस्ताच रिकामा आहे.

पहिलं दिसलं मुंगूस. दिसलं म्हणजे, शेपूट पळताना सगळ्यांनाच दिसतं. हे पळालं नाही. मैलाच्या दगडाकडे पाठ करून, मागचे पाय फाकून उभं होतं आणि पुढच्या पायांत काहीतरी धरलेलं. ते त्याने दोन पायांच्या मधून मागे दगडावर फेकलं. मग वळून बघितलं, पुन्हा उचललं, पुन्हा पाठ केली, पुन्हा फेकलं. अंडं होतं, बहुतेक टिटवीचं. तिसऱ्या की चौथ्या वेळी फुटलं आणि महाराज जेवायला बसले. मी गाडी उभी करून बघत राहिलो. मागे बसलेल्या माणसाला तहसीलला जायचं होतं, तोही वाकून बघत होता. आमच्याकडे मुंगूस दिसणं म्हणजे चांगला शकुन, त्यामुळे मुंगसासाठी थांबलं तर कुणी कुरकुर करत नाही. मला मात्र शकुनापेक्षा वेगळाच प्रश्न पडला होता. पाठ करून फेकायला त्याला शिकवलं कुणी? आणि समोर बघून का नाही फेकत? हा प्रश्न मी बऱ्याच जणांना विचारला. एकाने सांगितलं, तू धंद्याकडे लक्ष दे.

मांजराचं उलटं. मांजर आडवं गेलं की गाडी थांबवायची आणि दुसरी कुठली तरी गाडी आधी पुढे जाऊ द्यायची, म्हणजे जे काय वाईट व्हायचं ते तिचं होईल. माझा यावर विश्वास नाही, पण माझ्या गिऱ्हाइकांचा आहे आणि गाडी त्यांच्यामुळे चालते. एकदा मांजर आडवं गेलं तेव्हा समोरून आमच्याच स्टँडवरची एक रिक्षा येत होती. मी थांबलो, त्याच मांजरासाठी तोही थांबला. माझी माणसं म्हणतात त्याला आधी येऊ द्या, त्याची माणसं म्हणतात याला. मांजर कडेला बसून पंजा चाटत होतं. शेवटी एक कुत्रं मधून गेलं आणि सगळ्यांचं समाधान झालं.

नंतर रोही भेटले. नीलगाईला आमच्याकडे रोही म्हणतात. शेतकऱ्याचा रोह्यांवर राग, उभी तूर बसल्या जागी संपवतात. मी त्यांना लांबून पळतानाच पाहिलं होतं. आता एक नर रस्त्याच्या कडेला, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ उभा, आणि तोंडात तुरीची शेंडी. त्याने माझ्याकडे असं बघितलं की मीच चुकून त्याच्या शेतात आलोय. पापण्या केवढ्या लांब असतात! मला माहीतच नव्हतं.

लांडगाही मी असाच पाहिला, भर दुपारी, कडेकडेने, कामावरून घरी निघाल्यासारखा चाललेला. शोभाताईंना वाटलं कुत्रं. "कुनाचं हाय हो, किती वाळलंय, खाऊ घालत न्हाईत वाटतं."  लांडगा आहे असं सांगितलं असतं तर त्या गाडीतून उतरल्या असत्या का गाडीवर चढल्या असत्या, सांगता येत नाही.

लांडगा ज्या दिशेने चालला होता तिकडे सोपानमामांची मेंढरं होती, म्हणून मी पुढे जाऊन त्यांना सांगितलं. सोपानमामा धनगर. सुगी झाली की ते आणि ठकूमामी घोड्यावर बिऱ्हाड टाकून आमच्या रस्त्याने खाली यायचे. एकेका शेतात मेंढरं बसवायची, म्हणजे मेंढरं त्या शेतात मुक्कामाला राहतात, शेताला खत मिळतं आणि धनगराला धान्य. जीपच्या काळात आमची ओळख एवढीच, की मी हॉर्न मारायचो आणि ते काठी वर करायचे.

नवीन गाडीशी त्यांची पहिली भेट मात्र भांडणाची होती. एका वळणावर मी वळलो तो थेट मेंढरांच्या तोंडावर. ब्रेक दाबला. समोर काळा, दाढीवाला बोकड उभा, गळ्यात पितळी घंटी. तो हलला नाही. त्याच्यामागे रस्ताभर मेंढरं. मी हॉर्न मारला आणि चूक केली. मेंढरू हॉर्नला बाजूला होत नाही, ते घाबरून शेजारच्या मेंढरात घुसतं, आणि शेजारचं तिसऱ्यात.

"हॉर्न बंद कर! बंद कर आधी!" सोपानमामा ओरडत आले. "आवाज न्हाई, सूचना न्हाई, येऊन उभा राह्यला. म्हाताऱ्या मेंढीच्या पोटात लेकरू हाय, तिला धक्का बसला असता मंग?"

मी म्हणालो, "मामा, बॅटरीची गाडी हाय. आवाज येतच न्हाई तिचा."

"मुकी हाय?"

"मुकीच म्हणा."

त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, मागून वाकून बघितलं. राग होता पण उत्सुकता जास्त होती. मग बोकडाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "ह्यो मुकादम. ह्यो हलला की समदे हलतेत. तू समद्यांकडं नको बघू, ह्याच्याकडं बघ." ऊसतोडीचा मुकादम जसा टोळीच्या पुढे, तसा हा. तेव्हापासून मी मुकादमाकडे बघून गाडी चालवायला लागलो आणि आमचं कधी अडलं नाही. लांडग्याचं मी घाबऱ्या घाबऱ्या सांगायला गेलो तेव्हाही मामा निवांतपणे म्हणाले, "माह्यीत हाय. जुनं गिऱ्हाईक हाय ते आमचं."

आमचा रस्ता एका ठिकाणी नव्या, चौपदरी सिमेंटच्या रस्त्याला छेद देतो. यंदाच्या उन्हाळ्याच्या तोंडाला त्या मोठ्या रस्त्यावर मुकादम मेला. मेंढरं पलीकडे न्यायची होती, तो पुढे निघाला आणि भरधाव टिपरने त्याला उडवलं. टिपर थांबला नाही. बाकीची मेंढरं अजून अलीकडेच होती म्हणून वाचली. मी गेलो तेव्हा मामा घंटी पुसत बसले होते. पुसून झाली तरी पुसत होते.

त्यानंतर मेंढरं रस्ता ओलांडेनात. मामांनी एका तरण्या बोकडाला पुढे काढलं, तो उड्या मारत मागे आला. ठकूमामींनी दोन मेंढ्यांना ओढत पलीकडे नेलं, बाकीची बघत उभी राहिली आणि त्या दोघी ओरडत परत आल्या. अलीकडच्या शिवारात खायला काही उरलं नव्हतं, कापसाच्या पऱ्हाट्यासुद्धा उपटून झाल्या होत्या. पलीकडच्या शेतकऱ्याने मेंढरं बसवायचा शब्द दिला होता, तिथे कॅनॉलचं पाणी होतं, हिरवं होतं. इकडे नुकत्याच व्यायलेल्या मेंढ्यांचं दूध आटायला लागलं. ठकूमामी कोकरांना शेळीच्या सडाला लावायच्या, पण शेळ्या किती आणि कोकरं किती. एक-दोन कोकरं गेली. जुनं गिऱ्हाईकही रोज संध्याकाळी माळावर येऊन बसायला लागलं होतं. मामांनी खाटकाला निरोप धाडायची गोष्ट काढली तेव्हा मामी दिवसभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

अशात एके संध्याकाळी मी परतूरला माघारी चाललो असताना मामांनी मला मुक्कामाच्या बरंच पुढे, फाट्यावर थांबवलं. हातात मुकादमाची घंटी. "गौतमा, एक टिपरनं नेला. आता तुह्या मुक्या गाडीखाली एखादं जायला नको. ही बांधून राह्यलो मी तुह्या गाडीला. वाजत जा." मी नको म्हणालो नाही. त्या माणसाला त्या दिवशी कुणीच नको म्हणालं नसतं. त्यांनी गाडीच्या मागच्या लोखंडी दांड्याला सुतळीने घंटी पक्की बांधली, वाजवून बघितली आणि तोंड फिरवून निघून गेले.

आता यात काय होईल हे धनगराच्या ध्यानात यायला हवं होतं. पण त्यांच्या लेखी मुकादम म्हणजे मुकादम, घंटी नव्हे. माझ्या तर डोक्यातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी परतूरकडून गाडी भरून निघालो. मामांच्या मुक्कामाजवळून जाताना मेंढरांनी माना वर केल्या. मला बरं वाटलं, घंटी ऐकू येते म्हणायची. थोडं पुढे गेलो तर शोभाताई म्हणाल्या, "दादा, मागं बघा. आपल्या मागं कोन येऊन राह्यलं?"

आरशात बघितलं तर अख्खा कळप. धूळ उडवत, कोकरांसकट. त्यांच्यामागे मामा, पटका हातात. मी घाबरून गाडी पळवली. गाडी पळाली तशी घंटी जोरात वाजली, घंटी वाजली तशी मेंढरं आणखी पळाली. मागच्या सीटवरचा एक जण म्हणायला लागला, थांबा. दुसरा म्हणाला, थांबला तर गाडीत शिरतील. पुढच्या गावातले लोक ओट्यावरून उठून बघायला आले. शेवटी मी थांबलो. मेंढरंही थांबली, गाडीच्या चहूबाजूंनी, आणि म्हातारी मेंढी मागच्या दांड्यापाशी येऊन घंटीला नाक लावून उभी राहिली.  मी उतरून मागे आलो.

मामा धापा टाकत पोचले. त्यांनी त्या मेंढीचं कपाळ कुरवाळलं. "येडी," म्हणाले.

त्या संध्याकाळी त्यांनी घंटी सोडून घेतली आणि स्वतः हातात धरून मोठ्या रस्त्याकडे निघाले. मीही रिकामी गाडी घेऊन मागे गेलो, बघायला. मेंढरं त्यांच्यामागे निमूट आली. सिमेंटच्या काठापर्यंत आली आणि थांबली. मामा काठावरूनच घंटी वाजवत होते, हाक देत होते, मेंढरं जागची हलेनात. "पाह्यलं? रोड दिसला की पाय आखडतेत त्यांचे," मामा म्हणाले.

ठकूमामी म्हणाल्या, "ड्रायवरच्या गाडीला बांधा. तिच्यामागं तर पळत व्हती."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तसंच केलं. माझ्या गाडीत ज्या दोन-चार सवाऱ्या होत्या त्यांनीही उतरून मदत करायचं ठरवलं. शोभाताई पदर खोचून सरळ रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या, दोन्ही हात आडवे. रोज साठेक पोरांना रांगेत बसवणारी बाई, ट्रकवाल्यांचं काय चालणार. पहिला ट्रक करकचून थांबला, त्याचा ड्रायव्हर डोकं काढून काहीतरी म्हणाला. "मेंढरं चाल्लीत. बंद कर इंजिन आन् बघत बस," ताई म्हणाल्या, आणि त्याने खरंच बंद केलं. दुसऱ्या बाजूला मामा उभे राहणार होते, पण ते काठावरच राहिले म्हणून तिकडे बाकीच्या सवाऱ्या गेल्या.

मी गाडी काठापर्यंत आणली आणि तशीच सिमेंटवर चढवायला गेलो. मामा ओरडले, "असं न्हाई! मुकादम असा नव्हता जात. थांबायचा. मान हालवायचा. मंग जायचा." मी थांबलो. गाडीला मान कुठली? मी गाडी थोडी मागे घेतली, थोडी पुढे, पुन्हा मागे, पुन्हा पुढे. घंटी दोन-चारदा वाजली. ट्रकवाला आता बोनेटवर चढून बसला होता. मग मी हळूच निघालो.

आरशात बघायची हिंमत होईना. अर्धा रस्ता ओलांडला तरी मागे नुसती शांतता. माझ्या मनात आलं, झालं, संपलं, आता खाटीकच. तेवढ्यात खुरांचा आवाज आला. सिमेंटवर मेंढरांच्या खुरांचा आवाज मातीपेक्षा अगदी वेगळा येतो, पत्र्यावर पावसाचे थेंब पडावेत तसा. जीपमध्ये तो मला कधीच ऐकू आला नसता. म्हातारी मेंढी घंटीला चिकटून चालली होती आणि तिच्यामागे सगळ्या. ठकूमामी एक कोकरू काखेत, एक पदरात घेऊन शेवटी. पलीकडे गेल्याबरोबर मेंढरांनी माना खाली घातल्या आणि चरायला लागली. मामी हिरवळीत मटकन बसल्या आणि रडल्या.

शोभाताईंनी ट्रकवाल्याला जायला हात केला. तो जाताना हॉर्न न वाजवता गेला, हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण आमच्या धंद्यातल्या माणसांबद्दल लोक वाईटच लिहितात.

मग लक्षात आलं की मामा आले नाहीत. ते अलीकडच्या काठावर उकिडवे बसले होते. मामींनी हाक मारली, त्यांनी हात हलवला, पण उठले नाहीत. मी गाडी वळवून परत गेलो. जवळ गेल्यावर दिसलं, ते सिमेंटकडे बघत होते.

"मामा, चला. झाली की समदी पार."

"व्हय." ते उठले, एक पाऊल पुढे टाकलं, आणि मागे घेतलं. पुन्हा टाकलं, पुन्हा घेतलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "गौतमा, मेंढरं न्हवती भेत. मीच भेत व्हतो. रोज हितं आलो की माह्येच पाय थांबायचे. मी थांबलो म्हनून ती थांबायची बिचारी. आन् मी लेकरं उपाशी मारत व्हतो."

 मी म्हणालो, "बसा गाडीत, मी सोडतो." त्यांनी मान हलवली. कळप पायी गेला आणि धनगर गाडीत बसून गेला, हे त्यांना चालण्यासारखं नव्हतं. ते गाडीच्या मागे गेले आणि घंटीशेजारी तो लोखंडी दांडा त्यांनी दोन्ही हातांनी धरला.

"चाल. हळू चाल."

मी काठावर थांबलो, गाडी थोडी मागे, थोडी पुढे केली, आणि निघालो. इतकी हळू गाडी मी आयुष्यात चालवली नाही. आरशात मामा दिसत होते, डोळे गच्च मिटलेले, पटका सुटून खांद्यावर आलेला, पाय एकामागे एक टाकत. सिमेंट संपलं, मुरूम लागला, मुरूम संपून नांगरटीची मऊ माती लागली. मेंढरं आजूबाजूला चरत होती. मी गाडी थांबवली.

"पोचलो का रं?" त्यांनी डोळे न उघडता विचारलं.

"पोचलो, मामा."

तरी त्यांनी दांडा बराच वेळ सोडला नाही.